१० लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: घ्यावा का, आणि घेतला तर कशासकट

निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालचं सगळं वाचावं लागणार नाही. यंत्र चांगलं आहे. जिथे वीज रोज जाते, दुरुस्ती करणारा माणूस दोन दिवसांच्या वाटेवर असतो आणि भरलेले सिलिंडर आणणारी गाडी पावसाळ्यात अडकून पडते, तिथल्या रुग्णालयासाठी १० लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून मिनिटाला १० लिटरपर्यंत ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, हा माझ्या मते आजही सगळ्यात शहाणपणाचा पर्याय आहे. पण नुसता खोका मागवाल, तर वर्षभरात तो स्टोअररूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभा दिसेल. बाकीचं सगळं या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

माझं काम खरेदीच्या आधीचं. कमी उत्पन्नाच्या देशांमधल्या जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांसाठी उपकरणं निवडली जातात, तेव्हा निवड समितीला तांत्रिक अहवाल मी देते. त्याआधीची बरीच वर्षं उपकरणं दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे सवय अशी लागली आहे की नवीन यंत्र समोर आलं की पुढचं चकचकीत पॅनेल सोडून मी आधी पाठीमागचे स्क्रू बघते. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणारे असतील तर अर्धा जीव भांड्यात पडतो. काही कंपन्या मुद्दाम विचित्र खाचेचे स्क्रू लावतात; ते उघडायचं हत्यार फक्त त्यांच्याच माणसाकडे असतं आणि तो माणूस दुसऱ्या देशात असतो. या यंत्राचे स्क्रू साधे आहेत. हा पहिला गुण.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर खाली तक्रारी आहेत. दुसरं म्हणजे या वर्गातली यंत्रं आतून बऱ्यापैकी सारखी असतात, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं तुमच्यासमोर असेल त्या कॉन्सन्ट्रेटरला लावून बघता येईल.

आत काय चालतं ते थोडक्यात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. कॉम्प्रेसर खोलीतलीच हवा ओढतो आणि दाबाखाली एका नळकांड्यात सोडतो. नळकांड्यात झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाचे बारीक दाणे असतात. दाबाखाली ते नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे निघून जातो. काही सेकंदांत दाण्यांची धरण्याची ताकद संपते, व्हॉल्व्ह फिरतो, हवा दुसऱ्या नळकांड्यात जाते आणि पहिल्यातला दाब सुटून नायट्रोजन परत खोलीत फेकला जातो. यंत्राजवळ उभं राहिल्यावर ठरावीक वेळाने जो ‘फुस्स’ ऐकू येतो तो हाच. शंभर टक्के शुद्ध ऑक्सिजन यातून कधीच निघत नाही. हवेत एक टक्क्याला थोडा कमी असा आर्गॉन असतो, त्याला झिओलाइट अडवत नाही, आणि नायट्रोजन निघून गेल्यावर उरलेल्या वायूत त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून कुणी विक्रेता ९८-९९ टक्के दाखवू लागला तर त्याच्या मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालंय ते विचारा.

आता हिशेब. मिनिटाला १० लिटर म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. म्हणजे पूर्ण प्रवाहावर चालवलं तर हे एक यंत्र रोज दोन जम्बो सिलिंडरांचं काम करतं. वीज लागते साधारण ६०० वॉट, म्हणजे चोवीस तासांत १४-१५ युनिट. ५ लिटरचं यंत्र ३५० वॉटच्या आसपास खातं. हा हिशेब मी अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकते, कारण समितीत हिशेबाची माणसं जास्त असतात. त्यांना सिलिंडरची ने-आण कळते, झिओलाइट कळत नाही. आणि ते कळलंच पाहिजे असा आग्रहही नाही.

माहितीपत्रकात ऑक्सिजनची तीव्रता दिली आहे ‘९३ टक्के, अधिक-उणे ३’. खोटं नाही. सकाळी, थंड खोलीत, मिनिटाला ५ लिटरवर मला ९४-९५ मिळाले. प्रश्न असा की ज्या वॉर्डात हे यंत्र जाणार, तिथे सकाळ किती वेळ टिकते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये कॉन्सन्ट्रेटरसाठी तांत्रिक निकष प्रसिद्ध केले. त्यातली अट मला फार आवडते, कारण ती लिहिणाऱ्याने पत्र्याखालचा वॉर्ड पाहिलेला असणार. ४० अंश तापमान, ९५ टक्के आर्द्रता आणि २,००० मीटर उंचीवरचा हवेचा दाब, हे तिन्ही एकाच वेळी असताना, कमाल प्रवाहावर किमान ८२ टक्के ऑक्सिजन मिळाला पाहिजे. ‘एकाच वेळी’ हे महत्त्वाचं. माहितीपत्रकं या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या ओळींत देतात. प्रत्येक ओळ सुटी वाचली की यंत्र पास होतं.

दाब कमी करून बघण्याची सोय माझ्याकडे नाही. उष्णता आणि दमटपणा मात्र फुकट मिळतो. यंत्र पत्र्याच्या छपराखालच्या बंद खोलीत ठेवलं, प्रवाह १० वर, आणि भर दुपारी कित्येक तास चालू दिलं. आकडा उतरत उतरत ८५-८६ वर येऊन थांबला. म्हणजे पास, पण काठावर. आणि हे कोऱ्या दाण्यांवर. दोन वर्षं धूळ आणि दमट हवा पोटात गेल्यावर याच खोलीत तो आकडा ८२ च्या वर राहील असं मी लिहून देणार नाही. उंचीचं तर विचारूच नका. २,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८० टक्केच उरतो, आणि अदिस अबाबासारखं अख्खं शहर २,३०० मीटरच्या वर वसलेलं आहे. तिथल्या खरेदीदाराने २,००० ची अटही पुरेशी समजू नये. आपल्या उंचीवर चाललेल्या यंत्राचे आकडे मागावेत.

याच चाचणीत एक गोष्ट दिसली, ती वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगायला हवी. फ्लोमीटरची, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली, गोळी १० च्या रेघेच्याही वर जाते. यंत्र अडवत नाही. गोळी वर ढकलली की हवेचा जोर वाढतो, पण दाण्यांना नायट्रोजन धरायला वेळ कमी पडतो आणि तीव्रता कोसळते. थोडी वर नेल्यावर मला सत्तरच्या घरातले आकडे दिसले. आता विचार करा, बाळ सुधारत नाहीये, रात्रपाळीला एकच परिचारिका आहे, ती काय करेल? गोळी वर ढकलेल. कुणीही ढकलेल. चांगल्या बनावटीच्या यंत्रात या ठिकाणी अटकाव असतो किंवा कुलूपबंद फ्लोमीटर असतो. इथे नाही. कमी तीव्रतेचा अलार्म ८२ ला वाजतो खरा, पण त्याबद्दल पुढे.

विजेचा भाग सगळ्यात मोठा, आणि माहितीपत्रकात त्याला एक ओळ आहे.

२००० साली गाम्बियातल्या एका मोठ्या रुग्णालयाला कॉन्सन्ट्रेटर दान मिळाले. हेतू उत्तम, यंत्रं धडधाकट. पण त्यांचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तिथल्या विजेशी जुळत नव्हती. यंत्रं बंद पडली आणि गोदामात गेली. काय चुकलं याचा पुढे रीतसर अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. उपकरणांच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी तो आधी वाचायला लावते. व्होल्टेज तरी ट्रान्सफॉर्मर लावून बदलता येतं. फ्रिक्वेन्सीचं तसं नाही. ६० हर्ट्‌झसाठी बांधलेली साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्‌झवर लावली की ती सहाव्या हिश्शाने हळू फिरते, हवा कमी ओढते आणि गरम होते. बाहेरून बघणाऱ्याला यंत्र ‘चालू’ दिसतं. म्हणून मी खोका उघडायच्या आधी व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी लिहिलेली मागची पट्टी वाचते, आणि खरेदीच्या मागणीपत्रात ‘२३० व्होल्ट’ एवढंच न लिहिता शेजारी ‘५० हर्ट्‌झ’ लिहिते. ज्या देशात ६० हर्ट्‌झ आहे तिथे अर्थातच उलट.

या यंत्राची पट्टी बरोबर होती. पण पट्टीवरचे २३० व्होल्ट भिंतीतून निघतातच असं थोडंच आहे? संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की व्होल्टेज बसतं, मध्यरात्री उसळतं, आणि गेलेली वीज परत येते तेव्हा पहिला झटका सगळ्यात वाईट असतो. व्हेरिअ‍ॅक (हवं तसं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मी व्होल्टेज हळूहळू खाली आणलं. १९० च्या आसपास कॉम्प्रेसरचा आवाज जड झाला, त्याखाली यंत्र बंद करून परत सुरू केलं तर मोटर नुसती गुणगुणत राहिली, फिरली नाही. अशी अडकलेली मोटर म्हणजे जळायच्या तयारीत असलेलं वेटोळं. थर्मल कटआउटने, म्हणजे मोटर तापल्यावर वीज तोडणाऱ्या कळीने, तिची वीज वेळेत तोडली, हे कंपनीच्या बाजूचं. पण रुग्णालयाच्या बाजूचं असं की तोवर ऑक्सिजन बंद होता. उसळीसाठी आत संरक्षण आहे, त्याची कमाल मर्यादा मात्र कुठेच छापलेली नाही. विचारल्यावर उत्तरात तेच माहितीपत्रक परत आलं.

तेव्हा स्टॅबिलायझर हवाच, आणि तोही उशिराने वीज सोडणारा, म्हणजे परत आलेल्या विजेचा पहिला झटका यंत्रापर्यंत पोचत नाही. तो यंत्राच्याच मागणीपत्रात घालायचा. ‘नंतर स्थानिक पातळीवर घेऊ’ असं ज्या अहवालात लिहिलेलं असतं, त्या रुग्णालयात तो कधीच घेतला जात नाही. वेगळी फाइल, वेगळी मंजुरी, आणि यंत्र तर आलेलं असतं, मग थांबतंय कोण. शिवाय वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटरमधला ऑक्सिजन क्षणात संपतो, आणि परत सुरू केल्यावर पूर्ण तीव्रतेला यायला काही मिनिटं लागतात. त्या वेळेसाठी भिंतीशी एक भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर बसवलेला आणि पाना साखळीने बांधलेला, ठेवायलाच हवा. कॉन्सन्ट्रेटर आला म्हणून सिलिंडरांचा करार रद्द करणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत.

अलार्म. वीज गेली, दाब कमी झाला, दाब वाढला, तीव्रता ८२ च्या खाली गेली, असे चार अलार्म आहेत आणि चारही दिवे एकाच रंगाचे. वीज गेल्याचा अलार्म अर्थातच बॅटरीवर वाजतो. ती बॅटरी झाकणाच्या आत आहे, झाकणाला दोन स्क्रू. म्हणजे ती संपल्यावर कुणालाही कळणार नाही आणि कळलं तरी कुणी बदलणार नाही. बॅटरीचं दार बाहेरून उघडणारं असावं, ही इतकी साधी गोष्ट आहे की ती सांगावी लागते याचाच राग येतो. अलार्मचा आवाज मात्र चांगला मोठा आहे. यंत्राचा स्वतःचा आवाजही मोठा आहे. निकषात ५० डेसिबलची मर्यादा आहे आणि हे यंत्र पूर्ण प्रवाहावर त्याच्या थोडं वर जातं. आवाजामुळे यंत्र वॉर्डाबाहेर ढकललं जातं आणि नळी लांबवली जाते, हे लक्षात ठेवून नळी आणि जोडण्या जास्तीच्या मागवा.

फिल्टरबद्दल तक्रार नाही. बाहेरचा स्पंजाचा फिल्टर बोटांनी निघतो, साबणाच्या पाण्याने धुता येतो, वाळवून परत बसतो. एक वापरात आणि एक वाळत अशा जोडीची गरज असते, आणि कंपनीने जोडी दिली आहे. शाबास. आतला फिल्टर मात्र धुता येत नाही, बदलावाच लागतो, आणि त्याचा आकार त्याच कंपनीचा खास. पुढच्या पाच वर्षांचे फिल्टर पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या.

दमट हवेचं आणखी एक. झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाण्याची ओढ जास्त. यंत्र चालू असतं तोवर ओल बऱ्यापैकी बाहेर फेकली जाते. बंद पडून राहिलं की ती दाण्यांमध्ये मुरते आणि दाणे निकामी होतात. ‘नवीन यंत्र आहे, जपून ठेवू, गरज लागली की काढू’ म्हणून गोदामात ठेवलेला कॉन्सन्ट्रेटर न वापरता खराब होतो. हे स्टोअरकीपरला पटवणं फार अवघड, कारण त्याची आयुष्यभराची शिकवण उलटी आहे. मी खोक्यावरच मोठ्या अक्षरात लिहून येते की दर महिन्याला काही तास चालवा. कंपनीच्या मार्गदर्शिकेत ही सूचना आहे, पण मार्गदर्शिकेच्या शेवटाकडे, बारीक टाइपात.

ह्युमिडिफायरची, म्हणजे ऑक्सिजनला ओलावा देणारी, पाण्याची बाटली सोबत येते. मोठ्यांना जास्त प्रवाहावर ठीक. पण नाकातल्या नळ्यांनी मिनिटाला ४ लिटरपर्यंतचा ऑक्सिजन मुलांना देताना ओलावा वेगळा द्यायची गरज नसते, आणि न बदललेलं पाणी जंतूंचं घर होतं. बाटलीचं झाकण तिरकं बसलं की अर्धा ऑक्सिजन तिथूनच गळतो. मुलांच्या वॉर्डात ती खोक्यातच राहू द्या.

आता ज्यासाठी १० लिटरचं यंत्र घ्यायचं, ते. नवजात बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर लागतो, थोड्या मोठ्या बाळाला एक-दोन लिटर. म्हणजे एका यंत्रावर चार-पाच मुलं आरामात बसतात, जर प्रवाह नीट वाटला तर. ‘नीट’ म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचा फ्लोमीटर. याऐवजी दुकानात मिळणारी वाय आकाराची जोडणी लावली की ज्या नळीला अडथळा कमी तिकडे सगळा वायू धावतो. ज्या बाळाच्या नाकात शेंबूड साचलाय, म्हणजे ज्याला जास्त गरज, त्याच्याकडे काहीच जात नाही. कंपनीचा पाच जणांचा स्टँड वेगळा विकत मिळतो. तो मी मागवून बघितला. बनावट चांगली, पण फ्लोमीटर ० ते ५ लिटरचे. अर्धा लिटर मोजायला गोळी तळाशी थरथरत असते, वाचणाऱ्याने अंदाज करायचा. मुलांसाठी ० ते २ लिटरचे फ्लोमीटर हवेत, त्यांवर पाव-पाव लिटरच्या रेघा हव्यात. विचारल्यावर कळलं की ते कंपनीकडे आहेत, पण यादीत दाखवत नाहीत, कारण ‘मागणी नाही’. मागा म्हणजे मिळतील.

आणि कशासाठी घेऊ नये, तेही. भिंतीतल्या पाइपच्या, साधारण ४ बार दाबाची अपेक्षा करणाऱ्या व्हेंटिलेटरला हे यंत्र चालवू शकत नाही. मिनिटाला ३० ते ६० लिटर लागणाऱ्या हाय-फ्लो उपचाराला तर नाहीच. महासाथीच्या काळात जगभर धडाधड वाटल्या गेलेल्या छोट्या कॉन्सन्ट्रेटरांबद्दल जी निराशा ऐकू आली, तिच्यातली बरीचशी यंत्राची नव्हती. लहान यंत्राकडून मोठ्या यंत्राचं काम मागितलं गेलं.

खोक्यात एक भेट आहे: बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, फुकट. या भेटीवर मी सगळ्यात जास्त चिडले. बोटातून प्रकाश पाठवून, नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा, ही युक्ती जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. तिच्याशिवाय कॉन्सन्ट्रेटर आंधळा आहे. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेलेलं मूल डोळ्यांनी ओळखता येतं असं अनुभवी माणसंही ठामपणे सांगतात आणि बरेचदा चुकतात. पण फुकटातला हा चिमटा मोठ्या माणसाच्या बोटासाठी आहे. नवजात बाळाच्या पायाला तो बसत नाही, रडणाऱ्या मुलाच्या बोटावर टिकत नाही, बॅटरी संपली की कपाटात जातो. वॉर्डाला लागतो तो हातात धरायचा, चार्ज होणारा, बाळासाठी गुंडाळायचा वेगळा प्रोब असलेला ऑक्सिमीटर. लाइफबॉक्स ही संस्था २०११ पासून शस्त्रक्रियागृहांसाठी असेच मजबूत ऑक्सिमीटर पोचवत आली आहे, तो दर्जा नजरेसमोर ठेवा. प्रोब हा सगळ्यात आधी तुटणारा भाग. प्रत्येक ऑक्सिमीटरमागे जास्तीचे प्रोब लिहा.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के मोजण्यांत घडलं आणि गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के मोजण्यांत. ज्या देशांसाठी मी यंत्रं बघते तिथले बहुतेक रुग्ण सावळे किंवा काळे आहेत. तेव्हा ‘अचूकता अधिक-उणे २’ हे कोणाच्या बोटांवर मोजलं, हा प्रश्न कंपनीला विचारायचाच. या वेळी उत्तर आलं नाही.

हे सगळं एकत्र असलं की काय होतं, त्याचा पुरावा आहे. पापुआ न्यू गिनीत पाच रुग्णालयांमध्ये कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर, ते वापरायचं प्रशिक्षण आणि देखभालीची व्यवस्था असा पूर्ण संच दिला गेला. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ वर आलं. समितीत कुणी ‘ऑक्सिमीटर आणि प्रशिक्षणाचं कलम काढून दोन यंत्रं जास्त घेऊ’ म्हणालं की मी हा कागद पुढे सरकवते.

आणि दुसरा एक कागद. २०११ मधल्या एका पाहणीत १६ देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यांतली ३८.३ टक्के उपकरणं बंद होती. हा आकडा ऐकून लोक हताश होतात. मी होत नाही, कारण २०१० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात साठ रुग्णालयांतल्या दुरुस्तीच्या मागण्या बघितल्या, तेव्हा बंद पडलेल्या उपकरणांपैकी ६६ टक्के साध्या, शिकवता येण्यासारख्या कौशल्यांनी परत सुरू करता येतील असं दिसलं. वायर तुटली, फ्यूज गेला, फिल्टर तुंबला, नळी चिरली. कॉन्सन्ट्रेटर तर या दुरुस्तीला आदर्श यंत्र आहे. या नमुन्याचं झाकण काढलं आणि कॉम्प्रेसर, कपॅसिटर, व्हॉल्व्ह, नळकांडी सगळं समोर उभं होतं, एकेक सुटं काढता येईल असं. मी आणि तिथला तंत्रज्ञ, आम्ही दोघांनी मिळून व्हॉल्व्ह उतरवला, साफ केला, परत बसवला. चहा गार व्हायच्या आत.

मग अडलं कुठे? पासवर्डवर. आतल्या चुकांच्या नोंदी पडद्यावर बघायच्या तर सर्व्हिसचा पासवर्ड लागतो आणि तो फक्त ‘अधिकृत केंद्रा’ला मिळतो. सर्वांत जवळचं अधिकृत केंद्र कुठे आहे ते विचारलं तर दुसऱ्या देशाचं नाव आलं. दुरुस्तीची मार्गदर्शिकाही वेगळी मागावी लागली, आली ती इंग्रजीत; निम्म्या रुग्णालयांत फ्रेंच चालतं. ही गोष्ट मी नापासाच्या रकान्यात लिहिली. पासवर्ड आणि दोन्ही भाषांतल्या मार्गदर्शिका करारात मागा, खरेदी झाल्यावर कुणी देत नाही.

सोबत ऑक्सिजन अ‍ॅनालायझरही, म्हणजे निघणाऱ्या वायूतलं ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं उपकरण, घ्या, तेही अल्ट्रासॉनिक. रासायनिक सेलचे स्वस्त मिळतात, पण सेल वापरा न वापरा, एक-दोन वर्षांत मरतो आणि नवीन सेल मागवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. अ‍ॅनालायझर नसेल तर यंत्र ऑक्सिजन देतंय की नुसती हवा, हे कळायला यंत्राच्या स्वतःच्या अलार्मशिवाय दुसरा मार्ग नाही. नळीतून वारा तर दोन्ही वेळा सारखाच येतो.

शेवटी हमीपत्र. ‘३ वर्षं किंवा १५,००० तास, यांतलं जे आधी होईल ते.’ घरी रात्रीपुरता ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णासाठी ही चांगली हमी आहे. पण वॉर्डात यंत्र बंदच होत नाही. वर्षाचे ८,७६० तास. म्हणजे दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आधीच हमी संपते, आणि हमी मोजायला सुरुवात होते ती यंत्र कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापासून, बसवल्याच्या दिवसापासून नव्हे. जहाज, सीमाशुल्क, गोदाम यांत गेलेले महिने ग्राहकाच्या खात्यावर. मी मागणी केली आहे की हमी यंत्र बसवल्यापासून मोजावी, तासांची अट काढावी, आणि झिओलाइटच्या नळकांड्यांची हमी वेगळी लिहून द्यावी. विक्री प्रतिनिधीने फोनवर तिन्हीला हो म्हटलं. लेखी आलेलं नाही, म्हणून शिफारसीवर माझी सही अजून झालेली नाही.